भोपळा, बकरा आणि बँजो

बिनपडद्याचा बँजो घरी करायला सोपा, असं सांगणाऱ्याने तो केलेला नसतो. पडदे, म्हणजे दांडीवरच्या सुरांच्या पट्ट्या, बसवायचे नाहीत म्हणजे निम्मं काम वाचलं, हा त्याचा हिशोब. वाचलेलं ते काम पुढे व्याजासकट वसूल होतं.

आधी खुलासा: गणपतीच्या मिरवणुकीतला बटणांचा बेंजो तो हा नव्हे. तो ताइशोगोतो या बटणांच्या जपानी तंतुवाद्याच्या वंशातला. हा बँजो आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांनी कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत घडवला. 1687 ते 1689 या काळात जमैकात राहिलेल्या हॅन्स स्लोन या ब्रिटिश वैद्याने आपल्या 1707 च्या ग्रंथात अशा भोपळ्याच्या वाद्यांचं चित्रही छापलं.

भोपळ्याची आपल्याकडे ददात नाही. मिरजेच्या तंबोऱ्यांसाठी पंढरपूर भागातून येतात त्यातला, तंबोऱ्याला लहान पडणारा, 10 इंच व्यासाचा कडू भोपळा घ्यावा. साल निदान 6 मिमी जाड हवी. वरचा तिसरा हिस्सा कापला की आतला वाळका गर पाण्याने भिजवून खरवडायचा. कोरडा खरवडला तर धूळ थेट घशात. मास्क लावाच. मग सपाट फळीवर 80 नंबरचा पॉलिशपेपर चिकटवून त्यावर कड घासायची. कड सपाट झाली का, हे डोळ्यांना विचारू नये. डोळे नेहमी दमलेल्या हातांच्या बाजूने बोलतात.

कातडं बकऱ्याचं, ढोलकी-तबलेवाल्यांकडचं. 14 इंचांचा गोल कापून गार पाण्यात दोनेक तास भिजवायचा. गरम पाण्यात कातडं आखडतं आणि मग ते फक्त बुटाच्या कामाचं. कडेला सरस लावून, आधी बारीक भोकं पाडून, समोरासमोर पितळी चुका मारायच्या. या कामात मुद्दाम मारायच्या चुका एवढ्याच. ताणायचं मात्र बेताने, कारण वाळताना कातडं स्वतःच ओढून घेतं. उन्हात ठेवलंत तर ते इतकं घाईने आवळतं की चुका उपटतात, नाहीतर भोपळा तडकतो. सावलीत एक दिवस धीर धरावा.

खरी मेख दांडीत. ती भोपळ्यातून आरपार जाते आणि कातड्याच्या पातळीत सरळ बसवावी असा मोह होतो. घोडी, म्हणजे कातड्यावर तारा पेलणारी पट्टी, 16 मिमी उंच आणि तार 26 इंच धरली, तर दांडी जिथे भोपळ्याला भिडते तिथे, म्हणजे आटीपासून (खुंट्यांकडे तारा टेकतात त्या पट्टीपासून) 18 इंचांवर, तार 11 मिमी वर राहते. तेवढी दाबायला बोट नव्हे, पाना लागेल. म्हणून दांडीचं खुंट्यांकडचं टोक अडीच अंश मागे झुकवायचं. मग त्याच जागी 4-5 मिमी उरतात. हे भोपळ्याला भोक पाडण्याआधी ठरवावं. नंतर ठरवणाऱ्यांसाठी बाजारात दुसरा भोपळा असतो.

खुंट्या व्हायोलिनच्या घ्याव्यात, आणि भोकंही त्याच निमुळतेपणाची, 30 ला 1. घसरल्या तर खडू, अडकल्या तर साबण. पाचवी आखूड तार अंगठ्याची. तिची खुंटी आटीपासून साडेसहा इंचांवर, दांडीच्या बाजूला. काम सतारीच्या चिकारीचंच, मध्ये मध्ये तोच एक सूर देत राहण्याचं.

तारा स्टीलच्या नकोत, भोपळ्याला तो ताण सोसत नाही. क्लासिकल गिटारचा नायलॉन सेट घेऊन सहावी तार बाजूला ठेवा. पाचवी, चौथी, तिसरी, दुसरी या क्रमाने चार लांब तारा, पहिली अंगठ्याला. पेटीच्या पांढरी दोनचा सा धरून लांब तारा खालचा म, सा, ग, प अशा लावायच्या आणि आखूड तार वरच्या सा ला. बेसूर वाजलं तर दोष देण्यापुरताही पडदा नाही, ही या वाद्याची एकमेव अडचण माझ्या मते गंभीर आहे.

घोडी चिकटवायची नाही, तारांच्या दाबाने बसते. ती कातड्याच्या मध्यावर न ठेवता लंगोटाकडे, म्हणजे तारा अडकवायच्या खालच्या टोकाकडे, सरकवावी, नाहीतर आवाज धपधप येतो. आषाढात कातडं सैलावतं, घोडी खचते आणि तारा दांडीला टेकून भणभणतात. हातभर अंतरावर 60 वॉटचा बल्ब लावला की तात्पुरतं भागतं, पण पहिलीपेक्षा 3 मिमी जास्त उंच अशी दुसरी घोडी करून ठेवणं उत्तम. दोन्हींवर ‘उन्हाळा’, ‘पावसाळा’ लिहायला विसरू नये. मार्चमध्ये पावसाळी घोडी बसली, तर त्या तारांवर टॉवेल वाळत घालता येतो.