उलटा पायजमा आणि हिरवा स्वेटर

आज सकाळी सात वाजून आठ मिनिटांनी मी शाळेच्या फाटकासमोर एक छोटा हिरवा स्वेटर हातात धरून उभा होतो. स्वेटरमधली मुलगी आत गेली होती, नुसत्या शर्टावर, खांदे कानाला लावून. "युनिफॉर्मचा नेव्ही ब्लू असतो. हा चालणार नाही," असं फाटकावरच्या सरांनी सांगितलं. सरांच्या अंगात तपकिरी जर्किन, गळ्यात लाल मफलर, डोक्यावर राखाडी कानटोपी. मी रंग मोजले, पण बोललो काहीच नाही. बाप फाटकावर बोलत नसतात. ते घरी येऊन बायकोला ऐकवतात.

वास्तविक पोरीनं आज शाळा बंद ठेवायची पूर्ण तयारी केली होती. तिचा आतेभाऊ शिकागोला असतो. बर्फ पडावा आणि सुट्टी मिळावी म्हणून तिकडची पोरं रात्री पायजमा उलटा घालून झोपतात, उशीखाली चमचा ठेवतात आणि संडासात बर्फाचे खडे टाकून पाणी सोडतात, ही विद्या त्यानं हिला व्हिडिओ कॉलवर दिली. काल रात्री हिनं तिन्ही प्रकार केले. फक्त चमच्याऐवजी पांढऱ्या रश्शाची पळी घेतली. का, तर चमच्यानं एक दिवस मिळत असेल तर पळीनं आठवडा मिळायला हवा. हिशेबाला पोरगी पक्की आहे. सकाळी आई स्वयंपाकघरात पळी शोधत होती आणि मोबाइल 13 अंश दाखवत होता. बर्फ कुठंच नव्हता, फ्रीजमध्येसुद्धा.

तर तो स्वेटर घेऊन मी कोल्हापूरच्या गंगावेशीत दूध कट्ट्यावर गेलो. घरी जाऊन "परत आणला?" ऐकण्यापेक्षा ग्लासभर धारोष्ण दूध बरं. म्हैस समोर, धार समोर, पाण्याचा संशय नाही. तिथं एक वस्ताद उभे होते. वय सत्तरीचं, कान मोडलेले, अंगात बिनबाह्यांची बंडी. माझ्या माकडटोपीकडं त्यांनी पाहुण्या पैलवानाकडं बघावं तसं बघितलं.

"आजारी हाय काय गा?"

"नाही वस्ताद. थंडी आहे."

"कुठं हाय?"

मी मोबाइल दाखवला. त्यांनी तो लांब धरून वाचला आणि परत दिला. "मोबाइलात आसंल. भाईर न्हाई."

माझा स्वाभिमान दुखावला. म्हटलं, थंडी काय असते ते यांना कळू दे. सांगितलं, शिकागोत 30 जानेवारी 2019 ला पारा उणे 30 च्याही खाली गेला होता, शाळा दोन दिवस बंद होत्या.

"उणे म्हंजे?"

"शून्याच्या खाली. आपल्या फ्रीजरमध्ये उणे 18 असतं. त्याहून गार."

वस्ताद विचारात पडले. धार काढणारासुद्धा थांबला.

"मग मानसं फ्रीजात जाऊन बसली आसतील ऊब घ्यायला."

"बाहेर उघडी कातडी दहा मिनिटांत गोठते, वस्ताद. पोरं बसची वाट बघत उभी कशी राहणार? बसमधलं डिझेलसुद्धा घट्ट होतं."

"तुपागत?"

"तुपागत."

"आनि म्हशी?"

"म्हशी नसतात तिथं. गाई असतात. गोठ्यात, आत."

"म्हंजे म्हैसबी न्हाई," ते धार काढणाराला म्हणाले. "दूध न्हाई, तालीम न्हाई, भाईर पडाय येत न्हाई. मग ऱ्हात्यात कशापायी तितं?"

हा प्रश्न मी बहिणीला अकरा वर्षं विचारायचा म्हणतोय. उत्तर माझ्याकडं नव्हतं, म्हणून मी दूध प्यायलो.

तसं कोल्हापूरला सुट्टी माहीत नाही असं नाही, पण आमची सुट्टी अंशांत नाही, फुटांत मोजतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर आली की इशारा, 43 ला धोका. इथल्या पोराला तेराचा पाढा येणार नाही, पण पातळी विचारा, इंचांसकट सांगेल. पायजमा उलटा करावा लागत नाही, राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले की झालं. थंडीला मात्र आमच्याकडं दरवाजा नाही.

आणि खरं सांगू? 13 अंशांना शाळा बंद करा असं मीही म्हणणार नाही. दुपारी इथं तीसच्या आसपास असतं, पोरं घामाघूम होऊन परततात. पण पहाटे सहाला उठवून, अंधारात रिक्षात कोंबून, फाटकावर स्वेटर काढून घ्यायचा, हे कुठलं शास्त्र? चौथीपर्यंतच्या पोरांची झोप व्हावी म्हणून त्यांचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका, असं राज्य शासनानं 2024 मध्ये सांगितलं. माझी पोरगी पाचवीत आहे. पाचवीत गेलं की झोपही लागत नाही आणि थंडीही वाजत नाही, असा काहीतरी वैद्यकीय शोध लागलेला असावा.

"स्वेटर कुणाचा ह्यो?" वस्तादांचं लक्ष आत्ता गेलं. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, आता हसतील.

हसले नाहीत. ग्लास ठेवला. "शाहू म्हाराजांनी पोरगं साळंत धाडलं न्हाई तर म्हयन्याला रुपया दंड ठेवला हुता. न धाडल्याबद्दल. पोरगं आलं, वर स्वेटर घालून आलं, त्येला कसला दंड?" मग माझ्या टोपीकडं बघून म्हणाले, "आनि तू गा? तिचा काढला तवा तुझी टोपी डोक्यावरच हुती न्हवं?"

दुधाचे पैसे देऊन मी तडक युनिफॉर्मच्या दुकानात गेलो. ते ठरलेलं एकच दुकान, साडेदहाला उघडतं, तोवर पायरीवर बसलो. दुकानदारानं वहीत बघितलं.

"नेव्ही ब्लू 28 नंबर संपला. 38 आहे, देऊ? बाह्या दुमडायच्या."

"28 कधी येईल?"

"मार्चमध्ये. पैसे आत्ता भरून ठेवा, मागणी लई असते."

भरले. पावती हिरव्या स्वेटरच्या खिशात ठेवली.