खुलासा: जुन्या कॅमेऱ्याच्या मीटरमध्ये १.५ व्होल्टचा सेल

"जुन्या फिल्म कॅमेऱ्याचा लाइट मीटर चुकत असेल तर त्याच मापाचा नवा अल्कलाइन सेल घाला, काम झालं," ही माझीच जुनी पोस्ट अजून फिरते आहे. ती अर्धवट आहे, आणि चूक माझी आहे.

त्या काळच्या बऱ्याच कॅमेऱ्यांचे सीडीएस (प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या कॅडमियम सल्फाइडचे) मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर जुळवलेले होते. त्या सेलचा व्होल्टेज संपेपर्यंत जवळजवळ स्थिर राही. अल्कलाइन १.५ पासून सुरू होतो आणि वापरात घसरत जातो. व्होल्टेज जास्त, की मीटर सहसा प्रकाश जास्त दाखवतो, त्यामुळे फिल्मला प्रकाश कमी मिळतो आणि निगेटिव्ह पातळ, म्हणजे फिकट, येते. बरं, ही चूक सगळ्या उजेडात सारखी नसते, म्हणून आयएसओ (फिल्मच्या संवेदनशीलतेचा आकडा) बदलून ती पुरती भरून निघत नाही. सुई हलली म्हणून मी खूश झालो होतो. आकडा पडताळलाच नव्हता. कडक उन्हात आयएसओ १०० ला लेन्सचं छिद्र एफ १६ आणि शटर १/१२५ सेकंद यायला हवं, एवढं जरी पाहिलं असतं!

पेंटॅक्स स्पॉटमॅटिकसारख्या ब्रिज सर्किटच्या (दोन बाजूंची तुलना करून मोजणाऱ्या) कॅमेऱ्यांना व्होल्टेजचा फरक चालतो. प्रकाशातूनच वीज तयार करणाऱ्या सेलेनियम मीटरला तर सेलच लागत नाही. बाकीच्यांत ६७५ नंबरचा, कानाच्या यंत्राचा झिंक-एअर सेल, ज्याचा व्होल्टेज पाऱ्याच्या सेलच्या जवळचा असतो, कप्प्यात घट्ट बसावा म्हणून रिंग लावून बसवा. तो काही महिन्यांत सुकतो. नवा सेल बसवण्याआधी कप्प्यातला हिरवा गंज पुसा.

जुनी पोस्ट कृपया पुढे पाठवू नका.