दाढ ठणकायची थांबली म्हणजे बरी झाली?

आमच्या फॅमिली ग्रुपवर तो मेसेज या वर्षात तिसऱ्यांदा आलाय, ‘दातदुखीवर डेंटिस्टचे हजारो रुपये वाचवा’ वाला. त्यात काय आहे तर धुरी दिली की दाढेतले किडे पडतात, लवंगेच्या तेलाने दुखणं मुळापासून जातं, नाहीच गेलं तर मेडिकलमधून अँटिबायोटिकची पट्टी आणा, वरची दाढ काढली की नजर जाते, क्लीनिंग केलं की दात हलतात आणि पोरांचे दुधाचे दात किडले तरी सोडून द्या कारण ते पडणारच. पाठवणारे काका लाडके आहेत म्हणून ग्रुपवर गप्प बसलो, इथे लिहितो. मी काही डॉक्टर नाही, पण यातला निम्मा प्रयोग मी स्वतःच्या दाढेवर करून बसलोय.

किड्यांपासून सुरू करू. आजोळी लहानपणी मी हे डोळ्यांनी बघितलंय, खापर लाल तापवायचं, त्यावर भुईरिंगणीच्या बिया आणि थोडं तेल, धूर नळीने तोंडात घ्यायचा आणि मग खाली ठेवलेल्या पाण्यात बारीक पांढरं काहीतरी तरंगताना दिसायचं, सगळे ‘बघ बघ किती निघाले’ करायचे. ते किडे नसतात हो. बीच्या आत वळून बसलेला पांढरा कोंब असतो, बी तडकलं की तो बाहेर उडतो. दातातली कीड म्हणजे अळी नाहीच, तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात पोखरतं. फ्रान्सच्या पिएर फोशार नावाच्या दंतवैद्याने सूक्ष्मदर्शकाखाली शोधूनही त्याला किडे सापडले नाहीत, आणि हे त्याने 1728 साली लिहून ठेवलंय. आपण अजून खापर तापवतोय.

आता लवंग. लवंगेला मी खोटं म्हणणार नाही, तिच्यातलं युजेनॉल खरंच बधिर करतं, डेंटिस्टसुद्धा त्याचं सिमेंट वापरतात. पण बधिर करणं वेगळं आणि बरं करणं वेगळं. (शिवाय नुसतं तेल बदाबदा ओतलं तर हिरडी भाजते, आणि ती दाढेखाली ॲस्पिरिन दाबून ठेवायची आयडिया तर त्याहून वाईट, गोळी गिळायची असते, गालात ठेवली तर गाल पांढरा पडून सोलतो.)

माझी गोष्ट सांगतो. खालची दाढ, आधी नुसती गारने शिवशिवायची, मग चहाने कळ यायला लागली आणि ती 10-10 मिनिटं जायची नाही, मग रात्री आडवं झालं की ठणका. मी लवंग आणि पेनकिलरवर 4 दिवस काढले आणि पाचव्या दिवशी सकाळी दुखणं गायब! मी खूश, बायकोला म्हटलं बघ, वाचले पैसे. पुढे काही महिन्यांनी ऐन गणपतीत गाल असा सुजला की आरतीला तोंड उघडेना. तेव्हा कळलं की ते दुखणं बरं झालंच नव्हतं, आतली नस मेली होती. दाताच्या आत नस असते ती चारही बाजूंनी कडक भिंतीत, सूज आली तर तिला पसरायला जागाच नाही म्हणून तो जीवघेणा ठणका, आणि आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो म्हणून रात्री जास्त. नस मेली की ठणका थांबतो पण जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरतात, तिथे पू धरतो, मग दात उंच झाल्यासारखा वाटतो आणि दात आपटला की कळ. आधी गेलो असतो तर कदाचित साध्या फिलिंगवर भागलं असतं, शेवटी रूट कॅनाल आणि वर कॅप.

अँटिबायोटिकचंही मी केलं होतं, अर्धी पट्टी. मेलेल्या नसेत रक्तच जात नाही तर औषध कुठून पोचणार, आजूबाजूची सूज उतरते आणि मूळ कारण दाढेत तसंच बसून राहतं.

नजरेचं आणि क्लीनिंगचं थोडक्यात. दाताच्या संवेदनेची नस आणि दिसण्याची नस मेंदूतून वेगवेगळ्या निघतात, दाढ काढून आंधळं होत नाही. आणि क्लीनिंगनंतर दात हलल्यासारखे वाटतात कारण दातांमध्ये सिमेंटसारखं बसलेलं कीटण निघतं, हिरड्या त्याच्याखाली आधीच खचलेल्या असतात. दुधाच्या दाढा मात्र 10-12 वर्षांपर्यंत तोंडात राहतात, पाच वर्षांच्या पोराने तोपर्यंत काय एका बाजूने चावायचं का?

काकांचा पैशाचा मुद्दा खरा आहे, ते मान्य. पण मुंबईत नायरचं डेंटल कॉलेज आहे, सेंट जॉर्जेसच्या आवारात सरकारी कॉलेज आहे, नागपूर आणि संभाजीनगरलाही सरकारी आहे, रांगेत वेळ जातो पण खर्च खाजगीच्या मानाने बराच कमी.

मग जायचं कधी? गारने क्षणभर कळ येऊन लगेच गेली तर या आठवड्या-दोन आठवड्यात दाखवा. कळ रेंगाळते, गरमने वाढते, झोपेतून उठवते तर एक-दोन दिवसांत. चावताना, आणि विशेषतः दाब सोडताना सण्णकन कळ आली तर दाढेला तडा असू शकतो, सुपारीवाल्यांनी जरा आठवून बघा. वरच्या सगळ्याच दाढा एकदम दुखतायत, नाक चोंदलंय, खाली वाकलं की जास्त, तर ते सायनसचंही असेल.

आणि सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकतेय, ताप आहे, तोंड दोन बोटंही उघडत नाही, थुंकी गिळता येत नाही किंवा श्वासाला त्रास होतोय तर डेंटिस्टची अपॉइंटमेंट बघत बसू नका, रात्र असली तरी मोठ्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी गाठा, ती सूज श्वासाची वाट बंद करू शकते. तसंच चालताना किंवा जिना चढताना जबडा दुखतो, थांबलं की कमी होतो, सोबत घाम किंवा छातीत दडपण, तर ते दाताचं नसून हृदयाचं असू शकतं, अशा वेळी लवंग शोधू नका, 108 लावा.