‘34 ची पॅन्ट तर 34 चा बेल्ट’ म्हणणाऱ्या भाऊंना

भाऊ,

बेल्ट कसा निवडावा आणि लावावा या माझ्या लेखात मी लिहिलं होतं की पॅन्टच्या नंबरापेक्षा बेल्ट दोन इंच मोठा घ्या. त्यावरची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. बाकीच्या वाचकांसाठी ती जशीच्या तशी इथे देतो, म्हणजे मी सोयीचं तेवढंच उचललं असं कोणी म्हणायला नको:

“काय भाऊ, आता बेल्ट कसा लावाचा हे बी शिकवसान काय? पॅन्ट खाली नाई आली पाह्यजे, बेल्टचं काम तेवढंच. 34 ची पॅन्ट त 34 चा बेल्ट, मंग दोन इंच जास्त काहून? मी धा वर्सापासून 34 चाच घालतो, बराबर बसते. दुकानदाराचा धंदा हाय हा. अन् 35 सेंटिमीटर रुंद बेल्ट म्हंजे माणसाचा हाय का बैलाचा? बायायनं साडीवर बेल्ट लावनं त निरा नाटक. तुमचा 900 चा बेल्ट कोन घेते, आठवडी बाजारात 150 ले भेटते.” आणि शेवटी तीन हसरी तोंडं.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. 35 सेंटिमीटर ही चूक माझीच. 35 मिलिमीटर लिहायचं होतं. लेखात दुरुस्त केलं आहे. मात्र त्याच्या पुढच्याच ओळीत फॉर्मल पॅन्टला 30 ते 35 मिलिमीटर आणि जीन्सला 38 ते 40 मिलिमीटर रुंदी असं स्वच्छ लिहिलं होतं. ते तुम्हाला दिसलं नाही. बैल तेवढा दिसला.

आता ती तीन तोंडं. शंका असली की माणूस विचारतो. “दोन इंच जास्त कशासाठी?” एवढंच लिहिलं असतं तर चार ओळींत उत्तर दिलं असतं आणि विषय मिटला असता. तुम्ही आधी निकाल दिला, मग हसलात, आणि प्रश्न मधल्या मधे राहून गेला. ‘दुकानदाराचा धंदा’ हे मला लागलं, लपवत नाही. चौदा वर्षं झाली, कातडं कापायची रापी, टोचायची आरी आणि भोक पाडायचा पंच याच हातात आहेत. तेव्हा धंद्याचं मीच सांगतो: एकाच जातीचा बेल्ट 34, 36, 38 कोणत्याही नंबरात घ्या, किंमत तीच असते. दोन इंच मोठा बेल्ट विकून दुकानदाराला काय सुटतं? उलट दोन इंच कातडं जास्त जातं. आरोप करायचाच तर हिशेब करून करावा.

तर 34 चा हिशेब. बेल्टचा नंबर म्हणजे पूर्ण पट्ट्याची लांबी नव्हे. बक्कलाच्या दांडीवर कातडं जिथे दुमडतं, म्हणजे काट्याच्या मुळापासून, मधल्या भोकापर्यंतचं अंतर इंचात मोजायचं, तो नंबर. भोकं बहुधा पाच असतात, एकेक इंचावर. म्हणजे 34 नंबरचा बेल्ट 32 पासून 36 पर्यंत लागतो. तुम्ही दहा वर्षं 34 घालता आणि तो ‘बराबर बसते’, यात मला नवल वाटत नाही. फक्त कमरेचा बेल्ट सोडून एकदा पाहा, कोणत्या भोकाची कड ओढली जाऊन लांबट झाली आहे. बहुतेक चौथ्या नाहीतर पाचव्या. म्हणजे तुम्ही 34 चा बेल्ट घालून 35-36 वर लावता आणि इथे येऊन सांगता की 34 बसतो.

एक शक्यता आणखी आहे, तीही सांगून टाकतो. काही कंपन्या पट्ट्यावर पॅन्टचाच नंबर छापतात आणि वाढीव माप आतून धरूनच कापतात. तुमचा तसला असेल तर छापलेला 34 मोजल्यावर 36 भरेल. बाजारातल्या स्वस्त मालात तर काही जण बक्कलापासून टोकापर्यंतची सगळी लांबी नंबर म्हणून छापतात. म्हणूनच लेखात लिहिलं होतं की छापलेल्या आकड्यावर जाऊ नका, टेप लावा. ती ओळही तुमच्या नजरेतून सुटली.

दोन इंच येतात कुठून? गोल वस्तूवर एखादा थर चढवला की घेर त्या थराच्या जाडीच्या सव्वासहा पटीने वाढतो. जीन्सची कंबरपट्टी दुहेरी कापडाची, साधारण तीन मिलिमीटर जाड. म्हणजे तिच्या बाहेरून जाणाऱ्या बेल्टला आतल्या मापापेक्षा 19 मिलिमीटर जास्त घेर लागतो. बेल्ट स्वतः चार मिलिमीटर जाड असेल तर तो गोल वळल्यावर आतली बाजू दाबली जाते, त्यात आणखी बारा मिलिमीटर जातात. झाले 31 मिलिमीटर. सव्वा इंच इथेच गेला. शिवाय 34 छापलेली तयार पॅन्ट टेपने मोजली की पुष्कळदा 35 नाहीतर 35.5 भरते, कारण गिऱ्हाइकाला लहान नंबर ऐकायला बरं वाटतं. आता बेरीज तुम्हीच करा. बेल्ट दोन-दोन इंचांच्या पायरीने येतात, त्यामुळे 34 नंतर सरळ 36.

लहान बेल्ट घेतला तर पॅन्ट पडते असं मी म्हटलंच नव्हतं. बिघडतं ते पुढे. शेवटच्या भोकावर काटा लावला की टोक तोकडं राहतं, पॅन्टच्या पहिल्या लूपपर्यंत पोचत नाही, आणि महिनाभरात बाहेरच्या बाजूला वळून कुत्र्याच्या शेपटीसारखं उभं राहतं. मोठा घेतला तर टोक दुसऱ्या लूपच्याही पुढे पाठीकडे जातं, तेही वाईट दिसतं. मधल्या भोकावर लावलेल्या बेल्टचं टोक पहिल्या लूपातून जाऊन थोडं पुढे येतं. शिवाय वाढायला दोन भोकं आणि उतरायला दोन भोकं हातात राहतात. हिवाळ्यातल्या हुरड्यानंतर आणि लग्नसराईत त्याचा उपयोग कळतो.

बेल्ट लांब झाला तर टोकाकडून कापायचा नाही, हेही पुन्हा लिहितो, कारण तिथेच जास्त बेल्ट वाया जातात. बक्कलाचा स्क्रू काढा, तिकडच्या बाजूने जास्तीचं कातडं कापा, दुमडीसाठी दीड इंच सोडा. दुमड येते ती जागा रापीने मागून छिलून अर्धी जाड करा, नाहीतर बक्कलाशी गाठ येते. काट्यासाठी लांबट खाच 20 ते 25 मिलिमीटरची. भोक पाडायचं तर चार मिलिमीटरच्या पंचाने, खाली लाकूड ठेवून. आपल्याकडे चुलीत खिळा तापवून भोक पाडतात. रेक्झिन त्याने वितळतं, कातडं जळतं. आणि खिळा कातडं काढून टाकत नाही, नुसतं बाजूला सारतो. मग ताण आला की तिथून चीर जाते. पंच मारायला मिनिट लागत नाही.

“पॅन्ट खाली नाई आली पाह्यजे, बेल्टचं काम तेवढंच.” याला मात्र दोन शब्द. पॅन्ट धरून ठेवायचं काम आधी गॅलिसकडे, म्हणजे खांद्यावरून जाणाऱ्या पट्ट्यांकडे होतं. लिव्हायस कंपनीने आपल्या 501 जीन्सला बेल्टचे लूप लावले ते 1922 साली, आणि गॅलिसची बटणं काढली 1937 साली. मधली पंधरा वर्षं दोन्ही होतं, ज्याला जे आवडेल ते. आपल्या आजोबांच्या धोतराला बेल्ट नव्हता, करदोडा होता, आणि तो काही धोतर पडू नये म्हणून नव्हता. शिंप्याने कंबर नीट घेतली असेल तर पॅन्ट बेल्टशिवाय जागेवर राहते. राहत नसेल तर दोन इंच ढिली पॅन्ट आवळून मागे चुण्या पाडण्यापेक्षा मागच्या शिवणीतून कंबर कमी करून घ्यावी. मग बेल्ट कशाला? दिसायला. शर्ट खोचला की बटणांची पट्टी, बक्कलाची कड आणि चेनची पट्टी एका रेषेत यावी. बक्कल बोटभर सरकलं की कोरा शर्टही वाकडा दिसतो. यालाच फॅशन म्हणतात, त्यात लाजण्यासारखं काय आहे?

साडीवरचा बेल्ट म्हणजे नाटक, असं तुम्ही एका ओळीत उडवून लावलं. नवरीच्या कमरेला कमरपट्टा चालतो, तो नाटक नाही. कापूस वेचताना बाई कमरेला जुन्या लुगड्याची ओटी बांधते, तेही नाटक नाही. मग लग्नाला नेसलेल्या साडीवर पदर आणि निऱ्या जागेवर राहाव्यात म्हणून पट्टा लावला की तो कसा काय नाटक झाला? बेल्ट 25 ते 40 मिलिमीटर रुंदीचा घ्यावा. कमरेच्या सगळ्यात बारीक जागी लावावा, आणि पदराच्या घड्या खांद्याला पिनने पक्क्या केल्यावरच लावावा. आधी बेल्ट आणि मग पदर केलं की ओढाताण होते. काट्याचं बक्कल जरीच्या साडीला नको, काटा आणि बक्कलाची मागची कड जरीचा धागा ओढते. हुकाचा किंवा दाबाच्या बटणाचा घ्या. इलॅस्टिकचा बेल्ट आपल्याकडच्या उन्हाळ्यात दोन हंगामांत सैल पडतो. साठ-सत्तर मिलिमीटरचा रुंद पट्टा फोटोत चांगला दिसतो, पण धड आखूड असलेल्या बाईला तो आणखी बुटकं करतो.

आणि बेल्ट असो की परकराची नाडी, आवळायची नाही. हे वर्ध्यात बसून विसरता येणार नाही. वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी 2024 साली ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये दोन म्हाताऱ्या बायांच्या केसेस मांडल्या. वर्षानुवर्षं एकाच जागी घट्ट बांधलेल्या परकराच्या नाडीने किंवा लुगड्याने कातडी घासली, जखम चिघळत राहिली आणि तिथे कर्करोग झाला. रुंद पट्टा तोच दाब जास्त जागेवर वाटतो, बारीक दोरी एकाच रेषेवर. बेल्टच्या आत दोन बोटं गेली पाहिजेत, बाईच्याही आणि पुरुषाच्याही.

राहिला 150 रुपयांचा मुद्दा. तो तुमच्या यादीत शेवटी आहे, इथेही शेवटी. घ्या की. मी हात धरला नाही, आणि 900 चाच घ्या असं लेखात कुठेही नाही, 900 ही एका नमुन्याची किंमत होती. कास्तकाराला काय परवडतं हे मला शिकवू नका, माझीही गिऱ्हाइकं तीच आहेत. फक्त घेण्याआधी बेल्टची कड पाहा. वरचं रेक्झिन, मधे पुठ्ठा आणि खालचं अस्तर असे थर वेगळे दिसले की समजा भोकापाशी तो सुटणार. भोकात बोटाने चाचपलं की पुठ्ठ्याचा भुगा लागतो. वाकवून पाहा: कातड्यावर बारीक सुरकुत्या पडतात, प्लॅस्टिकवर एकच रेघ पडते. ‘पीयू’ची, म्हणजे पॉलीयुरेथेनच्या नकली कातड्याची साल निघते ती बेल्ट जुना झाला म्हणूनच असं नाही. घामाचा आणि पावसाळ्याचा ओलावा त्या थराला आतून तोडतो, म्हणून कपाटात ठेवलेला, एकदाही न घातलेला बेल्टही सोलतो. मे महिन्यात टिनाच्या खोलीत खिळ्याला टांगलेल्या रेक्झिनमधून त्याला मऊ ठेवणारं तेल निघून जातं आणि ते कडक होऊन तडकतं. खऱ्या कातड्यालाही ऊन नको, ओल्या फडक्याने घाम पुसून सावलीत बक्कलाने टांगा. खोबरेल ओतू नका, चार थेंब फडक्यावर घेऊन पुसा. जास्त झालं की कातडं लोळागोळा होतं आणि पांढऱ्या पॅन्टवर डाग पडतो.

स्वस्त बेल्टचं बक्कल बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचं असतं, वर निकेलचा मुलामा. बेंबीखाली खाज सुटून काळा डाग पडला असेल तर कातड्याला दोष देऊ नका, बहुधा घामाने सुटलेलं निकेल आहे ते. शर्ट खोचून घाला किंवा पितळेचं बक्कल बसवून घ्या, पट्टा तोच ठेवा. (हेही 900 चं नाही, आणि बेल्टही नवा घ्यावा लागत नाही. धंदेवाईक माणूस हे कशाला सांगेल?)

तेव्हा भाऊ, पुढच्या वेळी तोंडं नको, आकडा लिहा. बेल्ट काढा, काट्याच्या मुळापासून तुम्ही रोज लावता त्या भोकापर्यंत टेप लावा आणि भरेल ते इथे टाका. 34 भरला तर हा लेख खाली तुमच्या आकड्यासकट दुरुस्त करीन. टेप नसेल तर बाजाराच्या दिवशी बेल्ट घेऊन या. मोजायचे पैसे घेत नाही. भोक पाडायचे दहा रुपये लागतील.