पक्याला पिल्लू द्यायचं की नाही?

शिऱ्यानं विषय काढला तेव्हा पहिलं कटिंगसुद्धा आलं नव्हतं. "पाच जण, डोई तीन हजार. लॅब्रॅडॉरचं पिल्लू. रविवारी पक्याच्या दारात नेऊन सोडायचं. सरप्राइज!"

पक्याचा कुत्रा ब्रुनो जाऊन महिना व्हायचा होता. तेव्हापासून पक्या कट्ट्यावर फिरकलेला नाही. ऑफिसातही म्हणे चार दिवस रजा टाकली होती. ब्रुनो आमच्या पार्ल्याच्या कट्ट्यावरचा सर्वांत नियमित सभासद. चहावाला त्याच्यासाठी पार्ले-जी वेगळं काढून ठेवायचा. (कारखाना २०१६ साली बंद झाला आणि पार्ल्याचा तो बिस्किटांचा वास गेला, यावर आमच्यात वर्षातून एकदा तरी भांडण होतंच. असो.)

"रजा?" मंग्याला तेच खटकलं होतं. "कुत्र्यासाठी? मी साहेब असतो तर दिली नसती."

"रतन टाटांनी २०१८ साली बकिंगहॅम पॅलेसचा सत्कार सोडला होता, कुत्रा आजारी पडला म्हणून. त्यांचेच मित्र सांगतात," शिऱ्या म्हणाला.

"टाटांना साहेब नव्हता."

हे मात्र सगळ्यांना पटलं. चहा आला.

मेघा इतका वेळ गप्प होती. तिच्या घरी तीन मांजरं, बिल्डिंगखाली किती कुत्री, ते सोसायटीच्या सेक्रेटरीलाच विचारा. ती मंग्याला म्हणाली, "तुझ्या सांगोल्याच्या काकांचा बैल गेला तेव्हा तू तीन दिवस गावी होतास ना?"

"दहावा होता. कीर्तन ठेवलेलं, सगळी भावकी जेवायला. ते वेगळं. त्या बैलानं काकांची शेती ओढली."

"म्हणजे राबला तर रडायचं, नुसता जीव लावला तर नाही?"

मंग्यानं बिस्किट चहात बुडवलं. ते तुटून आत पडलं. उत्तर आलं नाही.

मग अण्णा. निवृत्त संस्कृत शिक्षक, त्यांना महाभारताशिवाय चहा पचत नाही. "धर्मराजानं काय केलं? इंद्र रथ घेऊन समोर उभा, म्हणतो कुत्र्याला सोड आणि चल. हा म्हणाला, मग स्वर्ग नको."

"अण्णा, तो कुत्रा नव्हता. यमधर्म होता."

"ते त्याला नंतर कळलं! नाही म्हणाला तेव्हा त्याच्या लेखी तो कुत्राच होता."

माझ्या मते त्या संध्याकाळचा सर्वांत बिनतोड मुद्दा हाच. मेघानं मग केनेथ डोका नावाच्या अमेरिकी अभ्यासकाचं सांगितलं. जे दुःख चारचौघांत दुःख म्हणून धरलंच जात नाही, ते माणसाला जास्त जड जातं, असं त्यानं १९८९ साली मांडलं. मंग्या म्हणाला, "याला पण अमेरिकेची सही लागते का?" लागायला नको. पक्याचे वडील गेले तेव्हा आम्ही पाळीपाळीनं डबे पोचवले होते. ब्रुनो गेला तेव्हा ग्रुपवर हात जोडल्याचे सात इमोजी टाकले आणि आठव्या मेसेजला क्रिकेट सुरू झालं.

बंड्या त्या दिवशी गाडी घेऊन पक्याबरोबर गेला होता. इतके दिवस त्यानं कुणाला काही सांगितलं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं.

"किडन्या गेलेल्या त्याच्या," बंड्या म्हणाला. "पक्या गोळी पनीरमध्ये लपवून द्यायचा. हे बेणं पनीर खायचं आणि गोळी स्वच्छ चाटून लादीवर ठेवायचं. मग पनीरही सुटलं. सलाइन घरीच, मानेच्या कातडीखाली, पक्या स्वतः सुई टोचायचा. शेवटी डॉक्टर म्हणाले, आता हाल थांबवू. फॉर्म पुढे केला. पक्यानं पेन दोनदा खाली ठेवलं. मग सही केली. आधी गुंगीचं इंजेक्शन, मग दुसरं. डोकं त्याच्या मांडीवर. तिथून मालाडला, महापालिकेची प्राण्यांची दाहिनी आहे ना, तिथे. येताना अख्खा रस्ताभर एकच, 'अजून दोन दिवस थांबलो असतो तर? मी मारलं का रे त्याला?' आणि घरी पोचतोय तर लिफ्टमध्ये शेजारी विचारतो, आता नवीन कधी आणताय?"

शिऱ्यानं मोबाइल खिशात टाकला.

पिल्लाची कल्पना तिथेच बारगळायला हवी होती. ज्याला आपल्या सहीची टोचणी लागलीय, त्याच्या दारात एवढंसं लॅब सोडायचं म्हणजे रात्री तीनदा शू, सोफ्याचे पाय कुरतडलेले, शिवाय आपल्यालाच उपकाराचं हसू. आणायचं तर त्याचा तो आणेल. कदाचित कधीच नाही आणणार. पण शिऱ्याचा हुकमाचा पत्ता शिल्लक होता: "पोरीचं काय? ती आठ वर्षांची आहे. तिला सांगितलंय ब्रुनो कर्जतला फार्महाउसवर गेला. ती विचारते, शनिवारी भेटायला जाऊ या ना."

"मग आता तिच्यासाठी दुसरी थाप विकत आणायची?" मेघा भडकली. "खरं सांगा तिला. आजारी होता, बरा होणारा नव्हता, मेला. रडेल. रडू दे. बापाबरोबर रडायला घरात कुणीतरी होईल तरी."

इथे मंग्याच म्हणाला, "उद्या आठला जाऊ त्याच्याकडे. डबा मी आणतो." कुणी काही बोललं नाही. मंग्या डबा आणतो म्हणजे वहिनी करणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

"जाऊन बोलायचं काय पण?" शिऱ्या.

"ब्रुनोबद्दल. अण्णांची चप्पल पळवलेली आठवत नाही का?"

"एक नव्हे, दोन जोड," अण्णा म्हणाले.

म्हटलं मिटलं. तेवढ्यात शिऱ्या चाचरत म्हणाला, "एक प्रॉब्लेम आहे. मी दोन हजार टोकन देऊन बसलोय."

"पिल्लू केवढं आहे?" मेघानं विचारलं.

"पाच आठवड्यांचं. रविवारी घेऊन जा म्हणाला."

"आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. २०१७ चा केंद्राचा नियम आहे. आणि ब्रीडरला नोंदणी लागते. आहे त्याची?"

शिऱ्याला नोंदणी वगैरे काही ठाऊक नव्हतं. त्याला फक्त फोटो दाखवला होता. तो फोटो त्यानं आम्हालाही दाखवला, आणि दाखवायला नको होता, कारण मंग्या मोबाइल परत देईना.

"बायकोला विचारतो," मंग्या म्हणाला. "नुसतं विचारतो."

"आधी त्याची नोंदणी विचार," मेघा म्हणाली आणि शिऱ्याकडून ब्रीडरचा नंबर मागून घेतला.