रौप्यमहोत्सवी पपई

जळगावात लग्नाचा वाढदिवस साजरा करणं पूर्वी फार सोपं होतं. संध्याकाळी दोघांनी सराफ बाजारात जायचं, सोन्याचा भाव विचारायचा, नवऱ्याने "जरा उतरू दे" म्हणायचं आणि पाणीपुरी खाऊन घरी यायचं. भाव उतरत नाही, खरेदी होत नाही आणि भांडणही होत नाही. आमचं लग्न तर माघातलं, म्हणजे भरिताच्या दिवसांतलं. कुणाच्या तरी मळ्यात कपाशीच्या काड्यांवर बामणोदची वांगी भाजायची, ठेचायची, वरून शेंगदाणे आणि पातीचा कांदा, सोबत कळण्याची भाकरी. पंगतीतला कुणीतरी तिसऱ्यांदा वाढून घेताना म्हणतो, "अरे, आज यांचा वाढदिवस ना?" एवढ्यावर आमचे सगळे वाढदिवस उरकले.

यंदा पंचवीस वर्षं झाली आणि मुलगा पुण्यात नोकरीला आहे. पुण्यात नोकरीला लागलेली मुलं आईवडिलांचा आनंद मोबाईलवरून बुक करतात. त्याने जळगावातच नव्याने निघालेल्या एका भारी थाई रेस्टॉरंटात टेबल ठरवलं, पैसेही तोच देणार म्हणाला आणि फॉर्मवर 'काही खास प्रसंग आहे का?' असं विचारलं होतं तिथे इमानदारीत 'आईबाबांच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस' असं लिहून टाकलं. त्या एका ओळीने केलेला घात पुढे येईलच.

त्याच दुपारी नाना, म्हणजे माझे सासरे, एसटीने येऊन धडकले. नानांची शहादा तालुक्यात पपई आहे, थोडी मिरची आहे, गळ्यात तुळशीची माळ आहे आणि कुठल्याही वस्तूचा भाव विचारल्याशिवाय तिला हात न लावण्याची सवय आहे. त्यांना घरी ठेवून जाणं शक्यच नव्हतं.

रेस्टॉरंटच्या दारातच नाना थबकले.

"लाईन गई का?"

शेतीला रात्रीची लाईन आणि दिवसा अंधार हे त्यांना माहीत होतं. पण पैसे भरून अंधारात बसायचं हे नवीन होतं. टेबलावर एक इवलीशी मेणबत्ती होती. तिच्या उजेडात समोरच्याचं फक्त नाक दिसत होतं. पंचवीस वर्षांनी नवरा-बायकोनं एकमेकांचं किती पाहावं, याचा विचार करूनच ती व्यवस्था केली असावी.

मेनूकार्ड काळ्या कागदावर करड्या अक्षरांत छापलेलं होतं. यांनी चष्मा काढला, घातला, पुन्हा काढला आणि शेवटी "तूच बघ" म्हणून कार्ड धाकट्या लेकीकडे सरकवलं. नानांनी आपलं कार्ड उलटं धरलं होतं, पण मेणबत्तीच्या उजेडात त्याने काही फरक पडत नव्हता. हे मुद्दाम सांगते, कारण नानांना भाव दिसले नाहीत म्हणूनच पुढचा तासभर शांततेत गेला.

वेटर रेशमी सदऱ्यात, हात जोडून, कमरेत वाकून उभा. नानांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "तुनं गाव कोनतं रे भो?"

"सर, पारोळा," तो हळूच म्हणाला.

"पारोळामा कोना?"

आता पंचाईत अशी की कोपऱ्यात मॅनेजर उभा. पोराला अहिराणी समजत होती, बोलायचीही फार इच्छा होती, पण त्या सदऱ्यात अहिराणीला परवानगी नव्हती. म्हणून पुढचा सगळा वेळ नाना अहिराणीत विचारायचे आणि तो हॉटेलच्या हिंदीत उत्तरं द्यायचा. दोघांचं एकमेकांशी चांगलं जमलं. मॅनेजर वळला की पोरगा पटकन एखादं वाक्य घरच्या भाषेत टाकायचा आणि पुन्हा कमरेत वाकायचा.

धाकटी बारावीला आहे आणि अभ्यास सोडून तिला सगळं माहीत असतं. तिने सांगितलं की थायलंडच्या सरकारने 2002 साली मोहीमच काढली होती, जगभर थाई रेस्टॉरंटं वाढली पाहिजेत म्हणून. नाना म्हणाले, "सरकारनी हाटेलं वाढाई? आपला सरकारनी पपईले भाव तं दिना नही."

पहिलं सूप आलं. टॉम यम. कोळंबी घातलेल्या टॉम यमला 2024 साली युनेस्कोने आपल्या वारशाच्या यादीत घेतलं, हेही धाकटीनेच सांगितलं. आमचं कोळंबीशिवायचं होतं, म्हणजे वारशाचा शाकाहारी वाटा. वास आला आणि मी चमकले. गवती चहा! आमच्या मोरीच्या पाण्यावर वाढलेला, सर्दी झाली की चहात पडणारा. त्याच्या कांड्या सुपात तरंगत होत्या, सोबत लिंबाच्या झाडाची पानं आणि गॅलांगल नावाचे आल्याच्या भाऊबंदांतले चकत्यांसारखे तुकडे. हे सगळं वासापुरतं असतं, खायचं नसतं, बाजूला काढायचं असतं. पण हे पतसंस्थेत आहेत. पैसे मोजलेली वस्तू बाजूला काढणं त्यांच्या हिशेबात बसेना. त्यांनी गॅलांगलचा तुकडा तोंडात टाकला आणि चघळत राहिले. सूप संपलं, ताटल्या उचलल्या, पुढचं आलं, तरी यांचा जबडा हलत होता. मी विचारलं, "कसं आहे?" तर मान हलवली. प्रसंग खास असल्यामुळे ती मान होकाराची होती.

चॉपस्टिक्सची आणखी एक गंमत. हे घरी दोन पेन्सिलींनी शेंगदाणे उचलण्याचा सराव करून आले होते. इथे समोर आला चमचा आणि काटा. थाई माणूस भात चमच्याने खातो, काट्याने फक्त चमच्यावर ढकलतो, काड्या नूडल्सपुरत्या. यांचा चेहरा अभ्यास केलेला धडा पेपरात न आलेल्या पोरासारखा झाला.

मग शाकाहाराची चौकशी. थाई स्वयंपाकात मीठ बरंचसं फिश सॉसमधून येतं. मासे मिठात मुरवून काढलेलं पाणी ते. करीच्या वाटणातसुद्धा कोळंबीची पेस्ट असते. धाकटीने हे नानांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात वेटरला विचारलं. त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं की आपलं वाटण वेगळं, त्यात सोया सॉस. एवढं निभावलं होतं. पण यांनी बोट ठेवून मोठ्याने वाचलं, "हे बघ, होली बेझिल! म्हणजे आपली तुळसच की."

नानांचा हात गळ्यातल्या माळेकडे गेला.

"तुळस कोन परतस रे भो?"

थायलंडात परततात. मिरची-लसणासोबत, आणि बहुतेक वेळा खिम्यासोबत. तुळस तीच, आपल्या वृंदावनातली. ही माहिती नानांपर्यंत पोचू नये म्हणून आम्ही तिघांनी एकदम तीन वेगवेगळे विषय काढले. वेटर पारोळ्याचा असल्यामुळे त्याला परिस्थिती कळली. "आज बेझिल नहीं है, सर," तो म्हणाला. देव त्याचं भलं करो.

ग्रीन करीत सुपारीएवढी हिरवी वांगी होती. भरिताच्या मोसमात जळगावात बसून नारळाच्या दुधातली वांगी खाणं हा मातीशी द्रोह आहे असं यांना वाटत होतं, पण करी खरोखर चांगली होती, म्हणून ते द्रोह दोनदा वाढून घेत होते. भात निराळा मागवावा लागतो आणि त्याचे पैसेही निराळे. शेवभाजीच्या ढाब्यावर रस्सा मागेल तितका मिळतो, तिथला पोऱ्या वाटी रिकामी दिसली की चिडतो. इथला वेटर चमचाभर वाढून दोन पावलं मागे सरकायचा. नाना बराच वेळ वाट बघत होते. शेवटी कुजबुजले, "आते जेवन कव्हय येस?"

जेवण झालं होतं, हे त्यांना सांगायला कुणी धजेना.

खरं सांगायचं तर थाई जेवणाविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही. आंबट, तिखट, गोड, खारट एका घासात, वर भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट. खान्देशी जिभेला याच्यात परकं काय आहे? तिकडे तर हे पदार्थ हातगाडीवर मिळतात, माणसं प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून घाम पुसत खातात. छळ होतो तो प्रसंगाचा. प्रसंग खास असला की तिखट लागलं तरी नाक ओढता येत नाही, आवडलं नाही तर सांगता येत नाही, आवडलं तर बोटं चाटता येत नाहीत. मुलाने प्रेमाने पाठवलेलं असतं. दर दहा मिनिटांनी त्याचा मेसेज येतो, 'एन्जॉय करताय ना?' आणि गॅलांगल चघळत उत्तर लिहावं लागतं.

सगळ्यात शेवटी, जरा चुकलेल्या क्रमाने, सोम तम आलं. कच्च्या पपईचा कीस. उखळीत मिरची, लसूण, लिंबू, गूळ आणि शेंगदाणे घालून कुटलेला. नानांनी एक चमचा खाल्ला. थांबले. दुसरा खाल्ला.

"हाई तं आपली पपई शे!"

एवढ्या वेळात पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर तेज आलं. मग म्हणाले, "मिरची कमी शे." वेटरने नम्रपणे विचारलं, तिखट करून आणू? दुसरी ताटली आली. तीत त्या छोट्या थाई मिरच्या होत्या. नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथारीवर हंगामात लाल मिरचीचे ढीग उभे राहतात, त्यात उभं राहून नाना गप्पा मारतात, शिंकसुद्धा येत नाही. इथे मात्र त्यांच्या डोळ्यांतून सरळ दोन धारा लागल्या. "चांगली शे," ते म्हणाले आणि खात राहिले. धाकटी म्हणाली, मिरची मुळात अमेरिकेतली, आपल्याकडे आणि तिकडेही पोर्तुगीजांमुळे आली. डोळे पुसत नानांनी तिला सांगितलं की अभ्यास वाढव.

आणि मग तो फॉर्मवरचा घात झाला.

अचानक सगळे दिवे लागले. लख्ख. स्वयंपाकघरातून आठ-दहा माणसं टाळ्या वाजवत निघाली, पुढे केक, मागे मॅनेजर. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं वळली. त्यात यांच्या पतसंस्थेचे दोन थकीत कर्जदार निघाले. आम्ही आयुष्यात जळगावच्या रस्त्याने हातात हात घालून चाललेलो नाही, आणि मॅनेजर म्हणतो, मॅडमना केक भरवा. यांनी माझ्या तोंडाच्या अंदाजाने घास पुढे केला. तो हनुवटीला लागला. टाळ्या वाढल्या.

त्या उजेडात नाना मात्र केककडे बघत नव्हते. ते मेनूकार्ड सरळ करून वाचत होते.

"पपई कितलाले?" त्यांचा आवाज टाळ्यांच्या वर गेला. "चारशे पंच्याण्णव?"

टाळ्या थांबल्या. कर्जदारांनीसुद्धा मान खाली घातली. एका पपईत किती ताटल्या होतील, याचा हिशेब नानांनी तिथेच बोटांवर मांडला आणि आकडा ऐकून स्वतःच खाली बसले. दर मोसमात शहाद्याला व्यापारी आणि शेतकऱ्यांची किलोमागे एखाद्या रुपयावरून ताणाताणी चालते, बाजार समितीत बैठकांवर बैठका होतात. आणि इथे दोन मुठी कीस! नानांनी धाकटीला मेनूकार्डाचा फोटो काढायला लावला, पपईची ओळ नीट येईपर्यंत चार वेळा. बिल मुलाने पुण्यातून भरलं. आकडा कुणीही विचारला नाही.

तो फोटो आता शहादा तालुक्यात बऱ्याच मोबाईलवर आहे. नानांनी तो पुढच्या सौद्याच्या वेळी व्यापाऱ्याच्या नाकासमोर धरला. व्यापारी पोचलेला. त्याने फोटो शांतपणे बघितला, मोठा करून पुन्हा बघितला आणि म्हणाला, "मंग त्या हॉटेलवालालेच ईका ना, नाना."

हा टोमणा होता. नानांनी सल्ला समजून घेतला. परवा गावाकडच्या छोट्या टेम्पोतून दोन क्रेट कच्ची पपई आमच्या दारात उतरली, कागदात गुंडाळलेली, सोबत ड्रायव्हरकडे निरोप: हॉटेलात पोचती करा, भाव चारशेच्या खाली ऐकू नका. हे गेले बिचारे. मॅनेजरने ओळखलं, हात जोडले, हनुवटीला केक लागलेल्या मॅडमची चौकशी केली आणि सांगितलं की त्यांना दिवसाला एक पपई पुरते, तीही भाजीवाल्याकडून येते.

क्रेट आता आमच्या गॅलरीत आहेत. काल पपईची भाजी झाली, आज पराठे. उखळी माळ्यावरून काढून धुतली आहे. आणि नाना रोज संध्याकाळी फोन करून विचारतात, काय भाव ठरला.