प्लेअरची खरखर आणि बंद पडणं: दोन स्टारच्या अभिप्रायाला दुकानातर्फे उत्तर

नमस्कार काका,

दुकानात तुम्हाला काका म्हणतो, म्हणून इथेही तेच. तुमचा अभिप्राय आला त्याच दिवशी वाचला होता. पण तुमच्याकडे येऊन स्वतः बघितल्याशिवाय काही लिहायचं नाही असं ठरवलं, त्यात आठवडा गेला. रविवारी येऊन गेलो, आता लिहितो.

बाकीच्यांसाठी तक्रार थोडक्यात सांगतो. काकांनी आमच्याकडून नेटवर्क म्युझिक प्लेअर घेतला. आम्ही तो रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकाच्या बोर्डावर बांधून देतो. त्याला यूएसबी डॅक (डिजिटल गाण्याचा ॲम्प्लिफायरला चालेल असा सिग्नल करणारी डबी) आणि काकांची दोन टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क जोडलेली आहे. तीन महिन्यांत तो अधूनमधून ‘कर्रर्र’ करतो, कधी पूर्ण बंद पडतो आणि मोबाईलच्या ॲपमधून गायब होतो. आमचा माणूस दोनदा आला. दोन्ही वेळा तो समोर असताना प्लेअर शहाण्या मुलासारखा वाजला. ‘तुमच्या वायफायचा प्रॉब्लेम आहे’ असं सांगून दुसऱ्या वेळी ₹४०० व्हिजिट चार्ज घेऊन तो गेला. शिवाय काही गायिकांच्या रेकॉर्डिंगमध्ये तानपुरा बेसूर वाटतो, आणि आम्ही फोन उचलत नाही.

फोनचं आधी. तीन मिस्ड कॉल दिसले. त्यातले दोन दुपारी जेवणाच्या वेळचे आहेत, तिसऱ्याला माझ्याकडे कारण नाही. चुकलं.

आता वायफाय. ते निदान चूक होतं, आणि ते चूक आहे हे आमच्या माणसाला जागेवर कळायला हवं होतं. सीडीच्या दर्जाच्या गाण्याला सेकंदाला साधारण १४११ किलोबिट लागतात. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झची फाईल असली तरी ९.२ मेगाबिट. घरातलं साधं वायफाय एवढं ओझं सहज वाहतं. आणि वायफाय कमी पडलं तरी त्याची तऱ्हा वेगळी असते: गाणं अडखळतं, थांबतं, दोन सेकंद शांतता, मग पुढे सुरू. हरवलेला तुकडा पुन्हा मागवला जातो, तो येतो तेव्हा अख्खा येतो, नाहीतर येतच नाही. बफर, म्हणजे पुढचं गाणं आधीच साठवून ठेवायची जागा, रिकामा झाला तर फार तर एखादा ‘टक्’ ऐकू येईल. स्पीकरमधून कापड फाटल्यासारखा कर्रर्र आला तर राउटरकडे बोट दाखवायचं नसतं. तुमची गाणी तर डिस्कवरच आहेत, ती वायफायवरून येतच नाहीत! हे मी आमच्या माणसाला विचारलं तेव्हा तो गप्प बसला. मग मीही गप्प बसलो, कारण फोनवर मीसुद्धा तुम्हाला ‘राउटर बंद-चालू करून बघा’ असंच सांगितलं होतं.

खरं कारण तुमच्याच अभिप्रायात होतं. ‘आकाशवाणी ऐकून झाली की माझं गाणं लावताना हमखास होतं’ असं तुम्ही लिहिलंत. हे वाक्य वाचलं आणि दुकानातच कपाळावर हात मारला. आकाशवाणी इंटरनेटवरून येते. ती तासभर चालू असते तेव्हा डिस्कला कोणी हात लावत नाही, आणि ती फिरायची थांबून झोपते. मग तुम्ही स्वतःचं गाणं लावता, डिस्क दचकून जागी होते. फिरायला लागताना असली डिस्क क्षणभर एक ॲम्पिअरच्या आसपास वीज ओढते. या बोर्डाच्या चारही यूएसबी पोर्टना मिळून १.२ ॲम्पिअरचीच मर्यादा आहे, आणि त्यावर तुमचा डॅकही जगतो.

तरीही हे सगळं चाललं असतं, जर वीज नीट पोचत असती. इथे आमची घोडचूक. प्लेअरसोबत येणारा अडॅप्टर ५.१ व्होल्ट, ३ ॲम्पिअरचा आहे. तुमच्या शोकेसपासून प्लग लांब होता, त्याची वायर पुरेना. बसवायला आलेल्या आमच्या मुलाने मोबाईलचा चार्जर आणि दोन मीटरची बारीक केबल लावली आणि मूळ अडॅप्टर खोक्यात परत ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याने मला तसं सांगितलं होतं. मी ‘चालतंय ना, मग राहू दे’ म्हणालो. दोन मीटर बारीक तारेत दीड ॲम्पिअरला अर्धा व्होल्ट सहज पडतो. बोर्डाला ४.६३ व्होल्टच्या खाली वीज गेली की तो आतल्या आत बोंब मारतो, पण ती बोंब स्पीकरवर येत नाही, लॉगमध्ये, म्हणजे प्लेअरच्या नोंदवहीत, जाते.

रविवारी मीटर लावून बसलो. आकाशवाणी चालू असताना बोर्डावर ४.८६ व्होल्ट. वीस मिनिटं थांबलो, काकूंनी चहा दिला, डिस्कचा दिवा विझला. मग तुम्ही ॲपमधून यमन लावलात. डिस्कमधून ‘टिक्’, मग घूं, आणि लगेच स्पीकरमधून तोच कर्रर्र. मीटरने सगळ्यात खालचा आकडा धरून ठेवला होता: ४.५७. तिसऱ्या खेपेला प्लेअर ॲपमधूनच गेला. म्हणजे खरखर आणि बंद पडणं हे दोन आजार नव्हेत. थोडी वीज पडली की डॅक किंचाळतो, जास्त पडली की डिस्क क्षणभर तुटते. परत जोडली जाते तेव्हा बोर्डाच्या लेखी ती दुसरीच कुठलीतरी डिस्क असते, आणि प्लेअर जुन्या नावाने फाईल मागत बसतो तो बसतोच.

आमचा माणूस दोन्ही वेळा आला तेव्हा तुम्ही सकाळपासून डिस्कवरचीच गाणी ऐकत होतात. डिस्क जागी होती, मग बिघाड दिसणार कुठून?

आणि एक गोष्ट मला या सगळ्यात जास्त लागली. मेमरी कार्ड झिजू नये म्हणून आमच्या प्लेअरचा लॉग तात्पुरत्या मेमरीत राहतो, वीज गेली की पुसला जातो. वीज कमी पडल्याची बोर्डाची स्वतःची खूणही तशीच. म्हणजे तुम्ही फोन केलात की आम्ही सांगायचो ‘बंद करून चालू करा’, आणि तुम्ही प्रत्येक वेळी पुरावा धुऊन टाकायचात, आमच्याच सांगण्यावरून. रविवारी मी आधी काही बंद न करता बोर्डाला विचारलं. जिथे शून्य यायला हवं तिथे ५०००० आलं. त्याचा अर्थ: सुरू झाल्यापासून वीज कमी पडली होती आणि बोर्डाने वेगही कमी केला होता. दहा सेकंदांचं काम.

आता तानपुरा. इथे मात्र मला थोडं भांडू द्या, कारण हा दोष प्लेअरचा नाही. तुमचा ॲम्प्लिफायर टीव्हीलाही जोडलेला आहे आणि सेट-टॉप बॉक्सला गच्चीवरून केबल येते. त्या केबलचं अर्थिंग आणि तुमच्या प्लगचं अर्थिंग यांच्यात फरक आहे, त्यातून ॲम्पमध्ये बारीक ‘हूं’ शिरतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे या हूंमध्ये १०० हर्ट्झ ठळक असतो. पेटीवर बघितलं तर तो पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधे कुठेतरी पडतो. गायिका काळी चारला गात असेल तर तिच्या तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची तार, १०४ च्या जवळ येतो. दोन्ही मिळून सेकंदाला चारेक हेलकावे घेतात, आणि कानाला वाटतं तार उतरली.  तुमचे कान बरोबर होते, त्यांनी पकडलेला चोर दुसरा होता. केबल काढली तेव्हा हूं गेला, हे तुम्हीच ऐकलंत. केबलमध्ये घालायचा आयसोलेटर मिळतो, तो आणून बसवून देतो. त्याचे पैसे घेईन, बसवायचे घेणार नाही.

बाकी: मूळ अडॅप्टर आता लागला आहे, प्लेअर शोकेसच्या खालच्या फळीवर आला आहे. डिस्क स्वतःचा अडॅप्टर असलेल्या यूएसबी हबवर (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीवर) टाकली, तो हब आमच्याकडून. त्यानंतर पाच वेळा डिस्क झोपवून उठवली, मीटर ५ व्होल्टच्या खाली आला नाही. ₹४०० तुमच्या खात्यावर सोमवारी पाठवले आहेत. ज्यांच्याकडे आम्ही मोबाईलचा चार्जर लावला असेल अशा बाकीच्या गिऱ्हाईकांना या आठवड्यात फोन करतो आहे. कोणी हे वाचत असेल तर आधी प्लेअरमागची वायर बघा, आणि आम्ही सांगेपर्यंत बंद करू नका.

‘यापेक्षा कंपनीचा घेतला असता तर बरं’ असं तुम्ही लिहिलंत, त्यावर बोलत नाही. स्टार किती ठेवायचे तेही तुमच्याकडे. तो जुना चार्जर टीव्हीखालच्या खणात ठेवला आहे. मोबाईलला उत्तम चालतो, वापरा.